बाक बदलणारे सर

सर वर्गात आले की आधी फळ्याकडे बघत नसत, हजेरीपटाकडेही नाही. दारातच थांबून ते किंचित वाकत आणि बाकांखाली नजर टाकत. नव्या मुलांना वाटायचं, सरांचं काहीतरी पडलंय. आम्हाला माहीत होतं, सर पाय बघताहेत. कुणाचे पाय कुणाकडे वळलेत, कुणी चप्पल काढून शेजारणीच्या पायावर पाय टेकवलाय, कुणाची दप्तरं एकमेकांना चिकटून ठेवलीत. "तोंड खोटं बोलतं, पाय खोटं बोलत नाहीत," असं ते म्हणायचे. असे दोन पाय दिसले की समजायचं, सोमवारी बाक बदलणार.

भिवंडीतल्या एका मराठी शाळेत मी शिकले. दोन हजार साल उलटल्यानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. सर दहावीला गणित शिकवत आणि आमचे वर्गशिक्षकही होते. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, एक निळी, एक लाल. दर सोमवारी ते भिंतीवर वर्गाचा नकाशा चिकटवत. कोणत्या बाकावर कोण, हे त्यात लिहिलेलं असे. तो नकाशा आठवडाभर टिके आणि पुढच्या सोमवारी सगळं पुन्हा उलटंपालटं होई. त्यांचा नियम एकच होता : ज्यांना एकमेकांशेजारी बसावंसं वाटतं त्यांनी एकमेकांशेजारी बसायचं नाही. नावापुढे निळा ठिपका असेल तर मूल ठीक. लाल ठिपका असेल तर ते मूल 'भावनेत' आहे.

हा सरांचा खास शब्द. आपण 'तापात आहे' म्हणतो तसं ते म्हणायचे, "ही आज भावनेत आहे, हिला खिडकीशी बसवा." घरी भांडण झालेलं, मैत्रिणीशी अबोला धरलेला, कुणाचा भाऊ घर सोडून गेलेला, अशी सगळी मुलं खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एकेकटी बसायची. सरांच्या मते रडणं साथीसारखं पसरतं. एक मुलगी रडली की चार मुलींचं गणित चुकतं. त्या बाकाला आम्ही 'दवाखाना' म्हणायचो.

हे सगळं ऐकून माझे सहकारी हसतात. मी आता ठाण्यात एका शाळेत गणितच शिकवते. स्टाफरूममध्ये कंटाळा आला की कुणीतरी म्हणतं, मॅडम, तुमच्या त्या सरांचं सांगा ना. मग मी उठून दारात उभी राहते, वाकून टेबलाखाली बघते, आणि सरांच्या कोरड्या आवाजात म्हणते, "दोन मुलं एकत्र अभ्यास करतात तेव्हा एक अभ्यास करतो आणि दुसरा सोबत करतो. पेपरात सोबतीला गुण नाहीत." हशा पिकतो. ही नक्कल मला चांगली जमते. पुष्कळ वर्षांचा सराव आहे.

पण त्या काळात सरांना कुणी हसत नव्हतं. शाळेभोवती सगळीकडे यंत्रमागांचे कारखाने. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की लूमचा खडखडाट आत यायचा आणि सरांना त्याच्यावरून बोलावं लागायचं. आमच्यातल्या कितीतरी जणांचे वडील, काका, भाऊ तिथे बारा-बारा तासांची शिफ्ट करत. त्या आईबापांना एकच हवं असे : पोरगा लूमवर जाऊ नये. सरांच्या तुकडीचा निकाल सगळ्यांत चांगला लागायचा. त्यामुळे जूनमध्ये आपलं मूल सरांच्या तुकडीत यावं म्हणून लोक मुख्याध्यापकांच्या दाराशी ताटकळत बसायचे. सर कुणाच्या पाठीवर हात ठेवतात की नाही, याच्याशी त्यांना काय करायचं होतं?

आणि सर चुकत होते असंही नाही. आमच्या वर्गात महेश आणि श्रीनिवास अशी एक जोडी होती. महेश कशेळीकडचा, शेतवाडीवाल्या घरातला. श्रीनिवासचे वडील लूमवर कारागीर, घरी तेलुगू बोलायचे. ही पोरं पाचवीपासून एका बाकावर. दोघांनी मिळून एक भाषाच काढली होती, पट्टीने बाकावर टकटक करून ते एकमेकांना उत्तरं सांगत. सरांनी पहिल्याच सोमवारी एकाला दारापाशी बसवलं आणि दुसऱ्याला थेट पलीकडच्या भिंतीशी. शिवाय दर चाचणीनंतर सर दोघांचे गुण शेजारी शेजारी वाचून दाखवायचे. आधी महेशचे, मग श्रीनिवासचे, मग थोडं थांबून फरक.

दिवाळीपर्यंत दोघांचेही गुण वाढले. खरंच वाढले. आणि दिवाळीनंतर एका दुपारी शाळेच्या फाटकाबाहेर दोघांनी एकमेकांना इतकं मारलं की श्रीनिवासचा दात पडला. कारण काय तर महेशने आपली भूमितीची वही त्याला बघू दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सरांनी दोघांना उभं केलं. सगळ्यांना वाटलं, आता यांना छड्या बसणार. सर म्हणाले, "बघा. आता हे दोघं शिकायला लागले."

महेशचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. आमचा पोरगा सुधारला म्हणाले. सरांनी पुडा घेतला नाही. "पेढे वाटले की गर्दी जमते," म्हणाले आणि वर्गात निघून आले.

ते स्वतः कुणात मिसळत नसत. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत न बसता जिन्याखाली उभ्याने डबा खात. शाळेपासून जवळच एका गल्लीत, कारखान्याच्या मागे, त्यांची खोली होती. मी एकदाच तिथे गेले होते, वडिलांनी सही केलेला एक फॉर्म द्यायला. सर घरी नव्हते. शेजारच्या दारात एक म्हातारे चाचा बसले होते. ते म्हणाले, "मास्टरजी तो पीछे की गली से आते-जाते हैं, बेटी. आगे से आएँगे तो किसी को सलाम करना पड़ेगा ना!" आणि मग हसून म्हणाले, "ईद पे शीर-खुरमा भेजो तो खा लेते हैं. कटोरा धो के, चौखट पे रख के, बिना बोले चले जाते हैं."

सर असे का, याच्या वर्गात दहा गोष्टी होत्या. कुणी म्हणे बायको सोडून गेली, कुणी म्हणे लग्नच झालं नाही. खरं काय ते सरांनी स्वतःच एकदा सांगितलं, तेही वजाबाकीचं उदाहरण म्हणून. घाटावरच्या त्यांच्या गावी त्यांचा एक मित्र होता. दोघांनी ठरवलं होतं, पुढच्या वर्गात जायचं तर एकत्र. मॅट्रिकला सर पास झाले, मित्र नापास झाला. सर घरी खोटं बोलून त्याच्यासाठी एक वर्ष थांबले. तो पुन्हा नापास झाला. सर आणखी एक वर्ष थांबले. तिसऱ्या वर्षी मित्र एका सकाळी न सांगता मुंबईला निघून गेला आणि परत कधी त्याने पत्रही पाठवलं नाही.

"किती वर्षं वजा झाली?" सरांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना वहीत.

"बोला. साधं गणित आहे."

"दोन," पहिल्या बाकावरचं कुणीतरी म्हणालं.

"दोन," सर म्हणाले आणि वळून फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

आता ललिताचं सांगायला हवं. स्टाफरूममध्ये मी हे सांगते तेव्हा पटकन सांगते. इथे तसं करणार नाही.

आम्ही पूर्णा गावातले. आमच्या भाताच्या जमिनीवर तेव्हा नुकती गोदामं उभी राहत होती. त्यातल्या एका गोदामावर ललिताचा मामा वॉचमन होता, आणि त्याच्या पत्र्याच्या खोलीत ललिता राहायची. तिचं घर गणेशपुरीच्या अलीकडे डोंगराच्या कडेला, एका पाड्यावर. आईबाप पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर, उन्हाळ्यात वीटभट्टीवर. पाड्यातली दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. आठवीत आली तेव्हा शिक्षकांनी तिला माझ्या शेजारी बसवलं, कारण आम्ही दोघी एकाच बसने यायचो. तेव्हापासून आमचा बाक एक, डबा एक.

मला परीक्षेची भयंकर भीती वाटायची. साधी नाही. प्रश्नपत्रिका हातात आली की बोटांना घाम फुटायचा, अक्षरं हलायला लागायची, येणारं उत्तरही विसरायचं. ललिता बाकाखालून माझी शेवटची दोन बोटं धरायची. "श्वास घे, बाय," म्हणायची. "पेपर काय वाघ हाय का?" मी श्वास घ्यायचे आणि अक्षरं हळूहळू जागेवर यायची. तिची भूमिती चांगली होती, आकृती बघितली की तिला उत्तर दिसायचं. बीजगणितात मात्र ती अडायची. आकड्यांच्या जागी अक्षरं कशाला, हेच तिला पटत नव्हतं. मी तिला म्हणायचे, "क्ष म्हणजे अजून न आलेला पाहुणा. तो आला की कळेल कोण ते. तोवर त्याचं ताट मांडून ठेवायचं." ती हसायची आणि गणित सोडवायची. तिला हसवलं की तिला बीजगणित यायचं, एवढंच होतं ते. तिच्या डोक्यात काहीही कमी नव्हतं.

दहावीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी आमचे पाय बघितले. सोमवारी मी दुसऱ्या बाकावर आणि ललिता सहाव्या.

पहिले काही दिवस मी रडले. मग चाचणी आली. भीती होतीच, ती गेली नाही. पण आता ती माझी एकटीची होती, आणि तिच्याशी अभ्यासाशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. मी घरी पहाटे उठून उजळणी करायला लागले. गुण वाढले. ललिताचे कमी झाले.

एक दिवस सरांनी मला पाण्याच्या टाकीपाशी थांबवलं.

"नववीत किती होते?"

"सत्तर, सर."

"एकटी बसलीस तर पंच्याऐंशीच्या वर जाशील. मी हे आज बघत नाही, कित्येक वर्षं बघतोय."

मी धीर करून विचारलं, "आणि ललिता?"

टाकीचा नळ गळत होता, सरांनी तो घट्ट केला. "ती तशीही..." म्हणाले आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

मी ते वाक्य मनातल्या मनात पुरं केलं. काय पुरं केलं ते इथे लिहीत नाही, पण पुरं केलं. आणि मला राग आला नाही. उलट आतून काहीतरी सुटल्यासारखं, हलकं वाटलं. याची मला आजही लाज वाटते.

सर जाता जाता म्हणाले, "शाळेत बाक मी बदलतो. बसमध्ये तू कुठे बसतेस ते बघायला मी येत नाही."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. ललिता नेहमीसारखी मागे जागा धरून होती. तिने हाक मारली. मी म्हणाले, "आईनं पुढे बसायला सांगितलंय. मागे धक्के बसतात."

"मंग मी पन पुढं येते," ती उठली.

"इथे जागा नाही," मी म्हणाले.

शेजारची सीट रिकामी होती. मी तिच्यावर दप्तर ठेवलं. ललिताने दप्तराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मागे जाऊन बसली. त्यानंतर तिने मला कधी काही विचारलं नाही. भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मी पुढे अनेकदा म्हटलं आहे. पण भांडायचं तिने का? भांडण करून माझी सोय करायची जबाबदारी तिची थोडीच होती.

डिसेंबरात तिचा बाप गेला. तापाने. गणेशपुरीहून ठाण्याच्या इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला, असं मामाने आमच्या वडिलांना सांगितलं. पंधरा दिवस ललिता शाळेत नव्हती. मग एका सकाळी आली. गणिताचा तास चालू होता. ती दारात उभी, वेणी कशीतरी घातलेली, हातात दप्तराऐवजी पिशवी. सरांनी तिच्याकडे बघितलं.

"काय झालं होतं?"

"बाबा मेला, सर."

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. 'वारले' म्हणायला हवं होतं ना. आणि त्या हसण्यावर ललिता दारातच रडायला लागली. तोंडावर हात न घेता, सरळ उभी राहून, लहान मूल रडतं तशी.

मी उठले. अर्धी उठले. मांड्या बाकाला टेकलेल्याच होत्या.

"जागेवर," सर म्हणाले. ओरडले नाहीत. हातातला खडूही त्यांनी खाली ठेवला नाही.

मी बसले.

"ती भावनेत आहे," सर सगळ्यांना म्हणाले. "तिला खिडकीशी बसू दे. पुढचं उदाहरण घ्या."

हा प्रसंग सांगताना मी नेहमी इथेच थांबते. ऐकणारे चुकचुकतात. काय राक्षस माणूस, म्हणतात. कहाणीत राक्षस असला की सांगणाऱ्याला बरं पडतं. कारण पुढचं मी सांगत नाही. पुढे मधली सुट्टी झाली. दहा मिनिटांची. "मैत्री सुट्टीत करा" हे सरांचंच वाक्य होतं, तेवढी सूट त्यांनी दिलेली होती. सर जिन्याखाली डबा खायला गेले. ललिता खिडकीशी एकटी होती. आणि मी पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. टाकीपाशी रांग होती, मी मुद्दाम दोघींना पुढे जाऊ दिलं. घंटा झाली तेव्हा परत आले.

मला कुणी अडवलं नव्हतं. मला भीती वाटली होती की तिचं रडणं मला लागेल, पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आलेली, आणि माझी अक्षरं पुन्हा हलायला लागतील. सर जे शिकवत होते ते मी त्यांच्यापेक्षाही नीट शिकले होते.

पूर्वपरीक्षेला ललिता दोन पेपरांना आली, मग आलीच नाही. मामाकडून ती आईकडे परत गेली. बोर्डाची परीक्षा तिने दिली, वेगळ्या केंद्रावर. मला सत्त्याऐंशी टक्के मिळाले. शाळेत मुलींमध्ये पहिली. ललिता गणितात नापास झाली.

निकालाच्या दिवशी शाळेत गर्दी होती. माझ्या वडिलांनी सरांना नमस्कार केला, मीही वाकले. सर मागे सरकले, त्यांना पायाला हात लावलेला आवडत नसे. मला वाटलं, आज तरी ते काही बोलतील. ते फक्त म्हणाले, "बघ." मी त्याचा अर्थ 'बघ, मी म्हणालो नव्हतो?' असा घेतला. दुसरा काही अर्थ असू शकतो, हे तेव्हा सुचलं नाही.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला ते आलेच नाहीत. शाल-श्रीफळ मुख्याध्यापकांच्या कपाटात पडून राहिलं म्हणे. खोली रिकामी करून ते गावी गेले की आणखी कुठे, कुणाला सांगता आलं नाही.

मी शिकत गेले. आणि जसजशी शिकत गेले तसतसा सरांबद्दलचा माझा राग वाढत गेला. बी.एड.ला मानसशास्त्राच्या तासाला मी उठून सरांचं उदाहरण द्यायचे. मुलांची मनं मोडून गुण काढणारा शिक्षक. माझ्या मैत्रिणीचं आयुष्य ज्याने वाया घालवलं तो माणूस. बोलताना मी डोळे पुसायचे. प्राध्यापिकाबाई म्हणायच्या, किती संवेदनशील आहेस गं तू.

ते वर्ष संपलं त्याच उन्हाळ्यात मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला गणेशपुरीला जायचं होतं. भिवंडीहून वाड्याकडे जाणारी एसटी अंबाडी नाक्यावर बंद पडली. सगळे उतरलो. मी टपरीच्या सावलीत उभी होते आणि शेजारी एक बाई मोठी पिशवी सांभाळत उभी होती. पिशवीतून रजिस्टरं डोकावत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाय, तू?"

ललिता जाडी झाली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात मोबाइल. एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होती. जे बोलायचा सराव होता तेच माझ्या तोंडातून आलं. मी सरांबद्दल बोलायला लागले. त्यांनी आपल्याला कसं तोडलं, तुझं कसं नुकसान केलं, मी आजही त्यांना माफ करू शकत नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अगं, ही नोकरी दहावी पास लागते. मी दहावी पास हाय."

"कधी झालीस?"

"त्याच सालात. ऑक्टोबरला. सरांनी बसवली ना."

मला कळेना. तिने सांगितलं. लावणीचे दिवस होते. ती आईबरोबर चिखलात होती आणि बांधावरून एक माणूस येताना दिसला. पँट गुडघ्यापर्यंत वळलेली, चपला हातात, छत्री उलटी झालेली. "आई माझी पळालीच. तिला वाटलं, सरकारचा माणूस, काय लिवून न्यायला आला. मी बघते तर सर! बांधावर उभे राहून म्हनतात, बीजगणित राहिलंय तुझं."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, माझं न्हाय होनार. ते म्हनाले, कितीला सुटतेस? म्हटलं, चारला. तर चारपर्यंत तिथंच उभे. आई म्हनली, अगं, मानूस भिजून मरंल, जा."

त्या रविवारपासून पुढचे सगळे रविवार सर एसटीने अंबाडीपर्यंत आणि तिथून मिळेल त्या गाडीने, नाहीतर चालत, पाड्यावर आले. ओट्यावर बसून शिकवायचे. घरातलं पाणी प्यायचे, जेवायचे नाहीत. पहिल्या दोन रविवारी ललिताला काही येईना. ती म्हणाली, एकटीने मला नाही जमत, सर. शेजारच्या कमळीला पण बसवा. कमळी सातवीतून सुटलेली, तिला बीजगणिताशी काही देणंघेणं नव्हतं.

"सर काय म्हणाले?"

"काय न्हाय. बसा म्हनाले दोघी."

"रागावले नाहीत?"

"न्हाय. कमळी मधीच हसायची, मी हसायची. ते थांबायचे, आमचं हसून होईस्तोवर. मंग परत शिकवायचे." ललिताने रस्त्याकडे बघितलं. "एकदा मी इचारलं, सर, एवढ्या लांब कशापायी येता? तर म्हनाले, माझी एक बेरीज चुकली होती."

बंद पडलेल्या एसटीचा ड्रायव्हर बॉनेट उघडून काहीतरी ठोकत होता. मी विचारलं, "त्यांनी माझं नाव काढलं कधी?" का विचारलं, माहीत नाही. कदाचित सरांनी मला नावं ठेवली असतील, तर तेवढाच आधार वाटला असता.

"दर खेपेला," ललिता म्हणाली. "निघताना इचारायचेच. ती येते का गं भेटायला?"

"मग?"

"मी सांगायची, येते. शनिवारी येते, कॉलेज अर्धं असतं ना तिचं. म्हणून तुमची गाठ पडत न्हाय."

"अगं, पण का?"

"मंग काय सांगू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती, खरंच मला विचारत होती. "म्हातारा मानूस. तेवढं ऐकलं की बरं वाटायचं त्यांना. एकदा तर म्हनाले, मग शनिवारी तिच्याकडून दोन उदाहरणं सोडवून घे. मी आपली कमळीकडून दोन उदाहरणं लिवून घ्यायची, येगळ्या अक्षरात. रविवारी दाखवायची. ही बघा, तिनं सोडवली."

तिची गाडी आली, तिच्या पाड्याकडे जाणारी. तिने पिशवी खांद्याला लावली आणि पायरीवर चढता चढता म्हणाली, "येशील ना कधीतरी? शनिवारी ये. अंगणवाडी लवकर सुटते."

"नक्की येईन," मी म्हणाले.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. ठाण्याहून अंबाडी फार लांब नाही, आणि शनिवारी आमची शाळाही अर्धाच दिवस असते. अजून मी गेलेली नाही.